उसनी गोळी

आमच्या लिफुका बेटावर
मागितलं की द्यायचं, एवढंच.
खोबऱ्याची खवणी, होडीचं वल्हं, टोपलीभर कंद,
आठवडाभरासाठी एखादं मूलसुद्धा.
"नाही" हा शब्द आहे आमच्या भाषेत,
पण शेजारणीच्या तोंडावर तो कुणी काढत नाही.

म्हणून कालोलाइने दारात आली,
बोट आली नाही गं, साखरेच्या गोळ्या संपल्या, म्हणाली,
तेव्हा मी मनासेचा बिस्किटांचा डबा काढला.
तो जाऊन चार महिने झाले होते.
आत त्याचा वस्तरा, चष्म्याची एक काडी,
आणि रबर लावलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या.
आजार एकच, त्याचं नावही एकच,
मग गोळी वेगळी कशी असेल?
ने, म्हटलं. मोजल्यासुद्धा नाहीत.
मोजून दिलं तर ते देणं कसलं.

बुधवारी साली कुटायला बसलो,
तुतीच्या ओल्या साली, अकरा बायका, अकरा मोगऱ्या,
सगळ्यांचा मिळून एक ठेका.
त्यातून एक मोगरी निसटली.
आधी मला रागच आला.
मग तिच्या वरच्या ओठावरचा घाम दिसला,
बोटं थरथरत होती
आणि मला ती माझ्या आईच्या नावानं हाक मारत होती.
सकाळी काय खाल्लंस?
"गोळी," ती म्हणाली.

नर्स लेसिएली फोनवर ओरडली नाही.
गिळता येतंय का तिला, ते आधी बघ.
येत असेल तर साखरपाणी. चार चमचे. आत्ता.
शुद्ध गेली तर तोंडात थेंबही घालू नकोस.

साखर!
जी तिच्या घरात सगळ्यात वरच्या फळीवर
चोरासारखी कोंडून ठेवली होती,
ती मी बोटांनीच ढवळली,
चमचा कुठे गेला कुणास ठाऊक.

पाव तासानं तिनं मला सेइनी म्हटलं, आणि चिडली,
एवढा गलका कशाला म्हणून.
बायकांनी मोगऱ्या पुन्हा उचलल्या.
पण लेसिएली म्हणाली, अजून सुटलात असं समजू नका.
तिची गोळी निराळी, त्याची निराळी.
त्याची पोटात असेपर्यंत साखर खाली ओढत राहते,
जेवलात की नाही ते विचारत नाही.
वर आलेली बाई पुन्हा बुडेल.
भाकरी, केळं, काय असेल ते खायला घाला, आणि इकडे आणा.

रात्रभर पांगाईच्या इस्पितळात बसले.
दर तासाला तिचं बोट टोचायचं, रक्ताचा थेंब, आकडा.
दोन वाजता ती खरंच पुन्हा घसरली.
बाटली लावली, मग सावरली.
मी म्हटलं, माझ्यामुळे.
लेसिएली म्हणाली, सगळेच देतात. बहिणीला, मेव्हण्याला,
चर्चमधल्या शेजाऱ्याला.
मीठ द्या, जाळं द्या. ज्याच्या नावाची गोळी, ती त्याचीच.

मग तिनं रबर काढलं,
पट्ट्या दिव्याखाली पसरल्या,
पाठीमागची तारीख वाचली,
जुनी वही आणली, बोट ओळीवर ठेवलं
आणि बराच वेळ ते तिथेच राहिलं.
या मार्चमध्येच संपायला हव्या होत्या, सेइनी.
मनासे गेला मे महिन्यात.

मी डबा उघडला तेव्हा मला वाटलं होतं
हे उरलेलं आहे.
भाताचं उरतं तसं, कापडाचं उरतं तसं.
दर संध्याकाळी तो पाण्याचा पेला घेऊन मागच्या पायरीवर जायचा.
"घेतल्या?" मी आतूनच विचारायचे.
"घेतल्या," तो तिथूनच म्हणायचा.

किती आहेत, मी विचारलं.
त्र्याऐंशी.
पुन्हा मोज म्हटलं. तिनं पुन्हा मोजल्या.

कालोलाइने घोरत होती.
चार वाजायला अजून वीस मिनिटं होती,
तरी मी तिला हलवून उठवलं.